पाव फेरा

सकाळी सहा, दुपारी बारा, संध्याकाळी सहा, रात्री बारा.
दहा नंबरचा पाना घेऊन शालन येते.
पायाभोवती पोलादी कडी, कड्यांमध्ये चार दांड्या,
प्रत्येक नट पाव फेरा.
चार वेळचे चार पाव, दिवसाचा एक मिलिमीटर.
भोसरीत एकतीस वर्षं लेथवर काढली मी.
तिथे एवढा फरक पडला
तर जॉब थेट भंगारात.

डॉक्टर खिंवसरांनी पाठकोऱ्या कागदावर काढून दाखवलं:
नडगीतलं सडलेलं हाड कापलंय, चौसष्ट मिलिमीटर.
वरचा एक तुकडा सुटा केलाय.
तो रोज थोडा खाली सरकेल
आणि त्याच्या मागे नवं हाड धरत जाईल.
म्हटलं, म्हणजे इंजिन पुढे, आणि रूळ मागाहून.
ते हसले नाहीत.
म्हणाले, रूळ कच्चे असतात. वर्षभर लोड टाकायचा नाही.

आतल्या खोलीत आदर्की आहे.
स्टेशन, घाट, सिग्नलची केबिन, एकास सत्त्याऐंशी.
डोंगर शालनच्या जुन्या साड्यांचे, प्लॅस्टरमध्ये बुडवलेले,
झाडं भांडी घासायच्या काथ्याची,
ट्रान्सफॉर्मर तापकीर गल्लीतला, अजून गुणगुणतो.
या मापात चौसष्ट मिलिमीटर म्हणजे साडेपाच मीटर,
साधारण पाव डबा.
नवले पुलाजवळ स्कूटरवरून पडलो त्या दिवसापासून
तेवढंच अंतर चालतोय.

कॉट आत घ्यायला जागा नव्हती.
नझीर मिस्त्रींनी फळीचा एक हात कापला
आणि गॅलरीत, वॉशिंग मशीनच्या मागे उभा केला.
त्याच्याबरोबर बोगदा गेला. वळण गेलं.
आता गाडी गोल फिरत नाही,
कापलेल्या टोकापर्यंत जाते आणि आली तशी मागे येते.

पूर्वी मी उभा असायचो.
वरून दिसायची छपरं, डब्यांचे टप.
आता उशीवर डोकं टेकलं
की डोळा बरोबर फलाटाच्या पातळीत.
मास्तरांच्या खोलीची मागची भिंत रंगवायची राहिलीय,
साबणाच्या खोक्यावरचं अर्धं अक्षर तसंच आहे.
आणि माणसं. हमाल, चहावाला, मूल कडेवर घेतलेली बाई.
पडू नयेत म्हणून प्रत्येकाच्या टाचेतून
मी तार घातली होती.
आता माझ्या पायात नऊ तारा आहेत.
मला निदान भूल दिली होती.

श्रावणात तारांच्या तोंडाशी पू धरला.
आठ दिवस पाना बंद.
जखमेला वास यायला लागला,
वरच्या मजल्यावरचे कानिटकर दारातूनच चौकशी करून गेले,
शालन उदबत्ती लावायची आणि काही बोलायची नाही.
खिंवसरा म्हणाले, दुसराही रस्ता असतो, गुडघ्याखालून.
लोक चालतात, चांगले चालतात.
मी खिडकीबाहेर बघत राहिलो. पर्वतीवरचे दिवे लागत होते.

त्याच आठवड्यात, रात्री बाराला,
फिरवायला नट नाही म्हणून
ती ट्रान्सफॉर्मरपाशी जाऊन बसली.
बावीस वर्षांत तिनं ते बटण एकदाही धरलं नव्हतं.
मी म्हणतोय हळू, हळू,
तिनं सगळा करंट एकदम सोडला.
गाडी फलाट सोडून, सिग्नल सोडून, फळीचं टोक सोडून
सरळ माझ्या पांघरुणावर.
इंजिन मांडीपाशी उताणं पडलं, चाकं अजून गरम.
ती तोंडावर पदर धरून हसली,
मग हसता हसता
भिंतीकडे तोंड करून बराच वेळ तशीच बसली.

दुसऱ्या दिवशी कापलेल्या टोकाला तिनं
साबणाची डबी चिकटवली, गाडी अडवायला.
माप चुकलंय, डबी भलतीच मोठी आहे.
राहू दिली.

पाना परत सुरू झालाय.
आज एकेचाळीस. ती कॅलेंडरवर पेन्सिलीनं लिहिते,
दुधाच्या हिशेबाशेजारी.
दुखतंय?
नाही.
खोटं बोलू नका, म्हणते,
आणि पुढच्या नटाला पाना लावते.